हाफकिन : परळच्या वास्तूला नाव देणारा परदेशी

मुंबईच्या परळ भागाशी ज्यांचा थोडाफार संबंध आला आहे, त्यांना ‘हाफकिन’ हा शब्द परका वाटत नाही. टाटा रुग्णालय, के.ई.एम. आणि हाफकिन ही नावे परळकरांच्या तोंडी इतकी रुळली आहेत, की त्यांपैकी एक नाव काळ्या समुद्राकाठच्या एका यहुदी घराण्याचे आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. आपण महाराष्ट्रापासून दूर राहणारी माणसे. सुट्टीत मुंबईला उतरलो, तर एखाद्या आप्ताच्या औषधपाण्यासाठी परळला जाणे होते आणि त्या जुन्या वास्तूवरून आपण पुढे निघून जातो. आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या या अंकात त्या नावाच्या धन्याची ओळख करून घ्यावी, असे मनात आले. त्याला दोन कारणे आहेत. एक म्हणजे, हा पुरुषही आयुष्यभर आपल्या जन्मभूमीपासून दूरच राहिला. दुसरे असे, की साथीच्या रोगापुढे एखादा समाज किती उघडा पडतो, आणि तो कशाने सावरतो, याचा पाठ त्याच्या चरित्राइतका स्पष्टपणे क्वचितच कोठे मिळेल.

वाल्देमार मोर्डेकाय हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी रशियन साम्राज्यातील ओडेसा या बंदराच्या शहरी झाला. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांनी प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. एली मेचनिकॉफ हे तेथे त्यांचे गुरू होते. शरीरातील श्वेतपेशी रोगजंतूंना गिळून टाकतात, हा सिद्धान्त पुढे ज्यांनी मांडला आणि त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळविले, तेच हे मेचनिकॉफ. गुरू थोर लाभला, पण काळ मोठा कठीण होता. झारच्या राजवटीविरुद्ध तरुणांच्या गुप्त चळवळी चालू होत्या. हाफकिन यांचा त्यांच्याशी संबंध आला आणि त्यांनी तुरुंगही पाहिला. यहुद्यांच्या वस्त्यांवर जमावाचे हल्ले होत असत. अशा एका प्रसंगी वस्तीच्या बचावासाठी उभे राहिले असता ते जखमी झाले. शास्त्रज्ञ म्हणून त्यांची पात्रता कोणी नाकारीत नव्हते, परंतु धर्मांतर केल्यावाचून विद्यापीठात वरची जागा मिळणे शक्य नव्हते. त्यांनी धर्म सोडला नाही, देश सोडला. १८८८ मध्ये ते जिनिव्हाला गेले आणि पुढल्या वर्षी पॅरिसला.

पॅरिसला पाश्चर संस्थेत मेचनिकॉफ आधीच येऊन पोचले होते. परंतु शिष्यासाठी तेथे संशोधकाची जागा रिकामी नव्हती. तेव्हा हाफकिन यांनी ग्रंथपालाच्या मदतनिसाची नोकरी पत्करली. पुस्तके सांभाळून उरलेला वेळ ते प्रयोगशाळेत घालवीत. त्यांच्या मनाने धरलेला विषय होता पटकीचा.

पटकी म्हणजे कॉलरा. आपल्या आज्या-पणज्या तिचे नाव घेतानाही आवाज खाली आणीत. गावोगावी मरीआईची ठाणी उभी राहिली, तिचा गाडा शिवेपार नेऊन सोडण्याची चाल पडली, ती या रोगाच्या धास्तीनेच. पंढरीच्या वारीत, हरिद्वारच्या मेळ्यात, जेथे जेथे माणसे एका पाण्यावर जमत, तेथे ही व्याधी शिरे आणि यात्रेकरूंबरोबर घरोघर जाई. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्यास तिच्या जंतूविषयीचा आपला शोध पक्का केला होता. स्पेनमध्ये फेरान या डॉक्टराने १८८५ मध्ये लस टोचून पाहिली होती, पण तिच्याविषयी शास्त्रज्ञांची खात्री पटली नव्हती. हाफकिन यांनी जंतूंचे दोन प्रकार सिद्ध केले. उष्णतेने व हवेच्या झोताने एक प्रकार क्षीण केला आणि गिनीपिगांच्या शरीरांतून क्रमाक्रमाने नेऊन दुसरा अधिक जहाल केला. प्रथम क्षीण जंतू टोचावयाचे आणि काही दिवसांनी जहाल, म्हणजे शरीर पायरीपायरीने तयार होते, अशी ही योजना होती. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ही लस प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. ताप आला, दुखले, आणि ते बरे झाले. मग काही मित्रांनी ती टोचून घेतली.

लस सिद्ध झाली, तरी ती वापरावयाची कोठे, हा प्रश्न उरला. ज्या मायभूमीने त्यांना दूर लोटले होते, तिलाच त्यांनी प्रथम ती देऊ केली. रशियात त्या वर्षी पटकीने कहर मांडला होता, तरीही देकार नाकारला गेला. त्या वेळी पॅरिसमध्ये इंग्रजांचे वकील होते लॉर्ड डफरिन. ते पूर्वी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. त्यांनी सुचविले, की या लसीची खरी कसोटी पटकीच्या माहेरीच व्हावी. अशा रीतीने १८९३ च्या मार्चमध्ये हाफकिन कलकत्त्यास उतरले.

त्यांच्या वाटेत दोन अडचणी होत्या. एक तर ते वैद्य नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते. सरकारी वैद्यकीय खात्यातील गोऱ्या अधिकाऱ्यांना हा रशियन यहुदी उपरा वाटे. दुसरे म्हणजे लोकांचा अविश्वास. धडधाकट माणसाच्या अंगात रोगाचेच जंतू घालावयाचे, ही कल्पनाच भयंकर वाटावी, यात नवल नाही. हाफकिन यांनी एक गोष्ट मनाशी पक्की केली होती. लस टोचावयाची ती राजीखुषीने. जबरदस्ती करावयाची नाही. आग्र्यापासून आरंभ करून ते उत्तर हिंदुस्थानात हिंडले. छावण्यांतील शिपाई, तुरुंगांतील कैदी, आसामातील चहाच्या मळ्यांवरील मजूर, सर्वांपुढे त्यांनी लस ठेवली. सुमारे सव्वादोन वर्षांत जवळजवळ ४२ हजार माणसांनी ती टोचून घेतली.

यांतील कलकत्त्याच्या कातलबागान वस्तीची हकीकत मुद्दाम सांगण्यासारखी आहे. त्या काळच्या कलकत्त्यात गरिबांच्या वस्त्या तळ्यांभोवती दाटीने वसलेल्या असत. तळ्यातच धुणे, अंघोळ, आणि त्याचेच पाणी पिण्याला. १८९४ च्या मार्चमध्ये कातलबागानात पटकी शिरली. तेथे सुमारे २०० माणसांची वस्ती होती. नगरपालिकेचे आरोग्याधिकारी सिम्प्सन यांच्या बोलावण्यावरून हाफकिन तेथे गेले आणि ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर वस्तीत पटकीचे आणखी १० रोगी झाले आणि त्यांतील ७ दगावले. हे दहाही जण लस न घेतलेल्यांपैकी होते. लस घेतलेला एकही आजारी पडला नाही. हाफकिन यांना बंगाली डॉक्टरांचे साहाय्य लाभले, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. वस्तीची भाषा बोलणारा माणूस बरोबर असेल, तर पुढला दरवाजा उघडतो.

सततच्या प्रवासाने व हिवतापाने त्यांची प्रकृती ढासळली. १८९५ मध्ये ते विश्रांतीसाठी इंग्लंडला गेले आणि पुढल्या वर्षी परत आले. पटकीचे काम अर्धवट होते, पण दैवाने त्यांच्यापुढे आणखी दारुण शत्रू आणून उभा केला.

१८९६ च्या पावसाळ्याअखेर मुंबईत मांडवीच्या बाजूला विचित्र तापाची माणसे आढळू लागली. जांघेत, काखेत गाठ येई, ताप चढे, वात होई आणि चार-सहा दिवसांत माणूस जाई. २३ सप्टेंबरच्या सुमारास डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी हा गाठीचा प्लेग असल्याचे निदान केले. मांडवी म्हणजे गोदीलगतची धान्याची बाजारपेठ. धान्याची कोठारे, कोठारांत उंदीर, आणि कोठारांच्या आजूबाजूला, वरच्या मजल्यांवर माणसांची अंधारी खुराडी. मुंबई त्या वेळी साडेआठ लाखांच्या घरात गेलेली होती. गिरण्यांच्या भोंग्यावर कोकणातून व घाटावरून आलेला मजूर चाळीच्या एकेका खोलीत आठ-आठ, दहा-दहांच्या संख्येने राही. रोगाला याहून सुपीक जमीन कोठली मिळणार? यर्सिन याने १८९४ मध्ये हाँगकाँग येथे प्लेगचा जंतू ओळखला होता. परंतु तो उंदरावरील पिसवांच्या द्वारे माणसात येतो, हे मुंबईत कोणाला ठाऊक नव्हते. पॉल-लुई सिमाँ याने ते कराचीत दाखविले १८९८ मध्ये, आणि शास्त्रज्ञांनी ते मान्य करण्यास आणखी काही वर्षे गेली. म्हणून नगरपालिकेने गटारे धुतली, रस्त्यांवर जंतुनाशक ओतले, आणि बिळांतून हुसकलेले उंदीर मात्र शेजारच्या घरांत शिरले.

शहर पळू लागले. १८९७ च्या आरंभापर्यंत मुंबईची निम्म्याच्या आसपास वस्ती बाहेर पडली होती. बोरीबंदरावर, बोटींच्या धक्क्यांवर माणसांचे लोंढे लोटले. आणि जो तो आपल्या गावी जाताना, नकळत, गाठोड्यातून रोगही बरोबर नेत होता. उंदीर पडू लागले की घर सोडून माळावर झोपड्या घालून राहावयाचे, हा परिपाठ महाराष्ट्रात पडला तो त्याच काळात. आपल्यापैकी कित्येकांच्या घराण्यात त्या झोपड्यांच्या गोष्टी पणजी-खापरपणजीकडून उतरत आल्या असतील.

सरकारने हाफकिन यांना मुंबईस बोलाविले. ७ ऑक्टोबर १८९६ रोजी ते आले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात एक खोली आणि एक ओसरी एवढी जागा त्यांच्या वाट्याला आली. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या सामग्रीनिशी त्यांनी प्लेगच्या लसीला हात घातला आणि तीन महिन्यांत ती सिद्ध केली. कामाच्या ताणाने हाताखालच्या माणसांपैकी एक खचून आजारी पडला आणि दोघे सोडून गेले.

ही लस करण्याची रीत मोठी कौतुकाची होती. जंतू वाढविण्यासाठी रस्सा लागतो. त्यासाठी हिंदू वा मुसलमान कोणालाही विटाळ वाटू नये म्हणून बकऱ्याचे मांस वापरले गेले. रश्श्यावर तुपाचे किंवा खोबरेलाचे थेंब तरंगत ठेवीत. त्या थेंबांच्या तळाशी जंतू चिकटून वाढत आणि गुहेच्या छतावरून चुनखडीचे सुळके लोंबावेत, तसे खाली लोंबत. काही दिवसांनी भांडे हलविले की ते हिमासारखे तळाशी उतरत आणि पुन्हा नवे सुळके धरत. असे पाच-सहा आठवडे गेल्यावर द्रव तापवून जंतू मारीत आणि तो टिकावा म्हणून त्यात कार्बॉलिक आम्ल घालीत. पटकीच्या लसीत जिवंत जंतू होते, येथे मेलेले. मेलेल्या जंतूंच्या ओळखीवरूनही शरीर जिवंत जंतूंशी लढावयास शिकते, हा या लसीचा पाया.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी पुन्हा स्वतःचाच दंड पुढे केला. घेतलेली मात्रा १० घनसेंटिमीटरची, म्हणजे पुढे लोकांना दिलेल्या मात्रेच्या कितीतरी अधिक होती. सडकून ताप चढला, टोचल्या जागी ठणका लागला, पण ते उठून कामाला लागले. त्यानंतर महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा राजी असलेल्या कैद्यांना लस देण्यात आली आणि न घेतलेल्यांच्या मानाने त्यांच्यात रोग पुष्कळच कमी आढळला.

याच महिन्यांत पुण्याला काय घडत होते, ते मराठी माणसाला वेगळे सांगावयास नको. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि सरकारच्या हाती अमर्याद अधिकार आले. पुण्यात रँड साहेबाच्या हुकमतीखाली गोरे शिपाई घरोघर शिरले. देवघरे, माजघरे, चुली काहीही सुटले नाही. बायामाणसांची तपासणी, सामानाची जाळपोळ, रोग्याला आप्तांपासून ओढून नेणे, यांनी शहर जळू लागले. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली आणि पुढे ते फासावर गेले. टिळकांना राजद्रोहाबद्दल तुरुंगवास झाला. त्याच पुण्यात, कसलीही सत्ता हाती नसता, सावित्रीबाई फुले रोग्यांना आपल्या मुलाच्या दवाखान्यात पोचवीत होत्या. त्यातच त्यांना प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. रोग एकच होता. पण एका वाटेने बंदूक आली, दुसरीने माणुसकी. हाफकिन हे सरकारचे चाकर असूनही त्यांची वाट दुसऱ्या वाटेशी अधिक जवळची होती. टोचून घेणे हे ज्याच्या त्याच्या खुषीवर असावे, हा आग्रह त्यांनी सोडला नाही.

विश्वास मिळावयाचा तर तो लोकांच्या आपल्या माणसांकडून मिळतो, हे त्यांनी ओळखले होते. आगाखान त्या वेळी विशीतले तरुण होते. त्यांनी आपल्या अनुयायांसमक्ष लस टोचून घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपली खुश्रू लॉज ही वास्तू दिली. मुंबईच्या खोजा समाजातील हजारो माणसे मग पुढे आली. १८९८ च्या फेब्रुवारीत बडोदे संस्थानातील उंढेरा या गावी आणखी काटेकोर कसोटी झाली. प्रत्येक कुटुंबातील निम्म्या माणसांना लस दिली आणि निम्म्यांना दिली नाही, म्हणजे घर तेच, अन्न तेच, हवा तीच. लस न घेतलेल्या ६४ जणांत २७ आजारी पडले आणि २६ मेले. लस घेतलेल्या ७१ जणांत ८ आजारी पडले आणि ३ मेले. लस अमृत नव्हती, हे या आकड्यांवरून दिसते. पण मरणाची दाढ तिने किती बोथट केली, तेही दिसते.

१० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग संशोधनाच्या प्रयोगशाळेचे उद्घाटन गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते झाले. या वास्तूचा इतिहासही अर्थपूर्ण आहे. तेथे मुंबईचे गव्हर्नर राहत असत. १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी तेथेच पटकीने वारल्या आणि त्यानंतर गव्हर्नरांनी तो वाडा सोडला. ज्या व्याधीने सत्ताधीशालाही घराबाहेर काढले, तिच्याशी झुंजणारा माणूस सतरा वर्षांनी त्याच दिवाणखान्यांत काचेच्या बाटल्या मांडून बसला. तेथून लस देशभर जाऊ लागली. राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवी वर्षी त्यांना सी.आय.ई. हा किताब मिळाला होता. वय चाळिशीचे, कीर्ती शिखराला पोचलेली. आणि येथेच घात झाला.

प्लेग पंजाबात शिरला होता आणि तेथील सरकारला लस अफाट प्रमाणात हवी होती. त्वरेने पुरवठा करता यावा म्हणून परळला रीत थोडी बदलण्यात आली. कार्बॉलिक आम्ल वगळून केवळ उष्णतेवर भिस्त ठेवली गेली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या खेड्यात १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांतील १९ जणांना जी लस दिली, ती एकाच बाटलीतील होती. आठवड्याच्या आत त्या १९ जणांना धनुर्वात झाला. एकोणीसच्या एकोणीस माणसे गेली. बाकीच्यांना काहीही झाले नाही.

चौकशी समिती नेमली गेली. धनुर्वाताचे विष बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळलाच आत गेले, असा निष्कर्ष समितीने काढला. हाफकिन यांना कामावरून दूर करण्यात आले आणि १९०४ मध्ये ते हिंदुस्थान सोडून गेले. ज्या खेडुतांनी सुईवर विश्वास ठेवला, त्यांचे प्राण गेले, हे दुःख कोणत्याही निवाड्याने पुसले जाणारे नव्हते. परंतु दोष कोणाचा, हा प्रश्न वेगळा होता. चौकशीच्या कागदपत्रांत एक नोंद होती. मुलकोवालला ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो जंतुनाशकात नुसता बुडवून त्यानेच बाटलीचे बूच काढले गेले. जमिनीच्या मातीत धनुर्वाताचे जंतू असतात, हे तर सर्वश्रुत. शिवाय बाटली भरून ४१ दिवस झाले होते. इतके दिवस ते जंतू आत वाढत असते, तर लसीला दुर्गंधी आली असती, आणि तशी ती कोणाला आली नव्हती.

हे कागद प्रसिद्ध होण्यास वर्षे लागली. हाफकिन इंग्लंडमध्ये व फ्रान्समध्ये आपली बाजू मांडीत राहिले. अखेर हिवतापाच्या संशोधनाबद्दल नोबेल पारितोषिक मिळविलेले, अल्मोड्यास जन्मलेले रोनाल्ड रॉस त्यांच्या पाठीशी उभे राहिले. जुलै १९०७ मध्ये रॉस व अन्य नामवंत जंतुशास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये संयुक्त पत्र प्रसिद्ध करून हा आरोप टिकणारा नाही, असे जाहीर केले. एका चुकीच्या आरोपाने सगळ्याच लसींवरील लोकांचा विश्वास उडेल, ही रॉस यांची मोठी चिंता होती. त्याच वर्षाच्या अखेरीस हाफकिन दोषमुक्त ठरले. फ्रान्समधील यहुदी सेनाधिकारी द्रेफ्यूस यांच्यावरील अन्यायाची आठवण त्या वेळी पुष्कळांना झाली.

ते पुन्हा हिंदुस्थानात आले, परंतु परळची त्यांची जागा भरलेली होती. त्यांना कलकत्त्याची प्रयोगशाळा देण्यात आली. तेथे लस तयार करण्याची सोय नव्हती. म्हणजे सन्मान परत मिळाला, काम मात्र मिळाले नाही. १९१४ मध्ये ते निवृत्त होऊन फ्रान्सला परतले. उतारवयात त्यांचा ओढा पूर्वजांच्या धर्माकडे वळला. १९१६ मध्ये धर्मनिष्ठ आचाराची महती सांगणारा निबंध त्यांनी लिहिला. त्यांनी लग्न केले नव्हते. आपली मिळकत त्यांनी पूर्व युरोपातील यहुदी पाठशाळांच्या साहाय्यासाठी निधी स्थापून दिली. १९२८ मध्ये ते स्वित्झर्लंडमधील लोझान येथे राहावयास गेले आणि २६ ऑक्टोबर १९३० रोजी तेथेच त्यांचा अंत झाला.

एक समाधान मात्र त्यांना जिवंतपणी लाभले. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला ‘हाफकिन संस्था’ हे नाव देण्यात आले. ज्या वास्तूतून त्यांना अपमानित होऊन जावे लागले, त्याच वास्तूच्या माथ्यावर त्यांचे नाव लागले. स्वातंत्र्यानंतर किती रस्त्यांची व वास्तूंची नावे बदलली! हे नाव बदलावे, असे कोणाला वाटले नाही. १९६४ मध्ये भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. सर्पदंशावरील प्रतिविष, पोलिओचे थेंब अशी कितीतरी औषधे पुढे याच नावाच्या छत्राखालून देशाच्या कानाकोपऱ्यांत गेली.

प्लेगने १८९६ नंतरच्या तीन दशकांत आपल्या देशात एक कोटीहून अधिक माणसे नेली. एवढा संहार केवळ जंतूने केला काय? जंतू हाँगकाँगहून बोटीने आला असेल. पण त्याला आसरा दिला तो धान्याच्या कोठारांवर माणसांना कोंबणाऱ्या लोभाने, हवा-उजेड नसलेल्या चाळींनी, तळ्याचे पाणी पिण्याच्या गरिबीने. त्याला पसरविले भयाने व अफवांनी, आणि राज्यकर्ते व प्रजा यांच्यामधील अविश्वासाने. प्लेगच्या धक्क्यानंतरच, १८९८ मध्ये, मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दाटीतून रुंद रस्ते काढले गेले. शहाणपण आले, पण मरणानंतर आले. २०२० मध्ये करोनाची साथ आली, तेव्हा तोच १८९७ चा कायदा पुन्हा बाहेर निघाला, तीच एका खोलीतील दाटी, तेच गावाकडे चालत निघालेले मजुरांचे तांडे, आणि लसीविषयीची तीच कुजबुज आपण डोळ्यांनी पाहिली. आपल्यापैकी कित्येकांना त्या दिवसांत गावाकडल्या आईवडिलांचे अखेरचे दर्शनही झाले नाही. सव्वाशे वर्षांत विज्ञान कोठल्या कोठे गेले, समाजाची उघडी बाजू मात्र पुष्कळशी तेथेच राहिली.

अशा वेळी दूरच्या मुलखात राहणाऱ्या माणसाला आधार असतो तो शेजाऱ्याचा व मंडळाचा. दार ठोठावून विचारपूस करणारा, आपल्या भाषेत धीर देणारा, डॉक्टराकडे बरोबर येणारा कोणीतरी असावा लागतो. कातलबागानच्या वस्तीत बंगाली डॉक्टरांनी केले ते हेच, आणि मुंबईत आगाखानांनी केले तेही हेच. मंडळाच्या पन्नास वर्षांच्या हिशोबात गणेशोत्सव व नाटके यांच्या जोडीला अशा विचारपुशीच्या किती खेपा जमा झाल्या असतील, त्यांची नोंद कोणत्याही वहीत सापडणार नाही. पण मंडळाची खरी पुंजी तीच.

पुढल्या खेपेस परळला जाणे झाले, तर त्या जुन्या वाड्यासमोर क्षणभर थांबावे. ज्याला मायदेशाने ठेवून घेतले नाही, ज्याने ना मराठी मातीत जन्म घेतला ना तेथे देह ठेवला, त्याने दोनदा आपला दंड पुढे करून परक्यांच्या लेकराबाळांसाठी विषाची परीक्षा पाहिली. त्याचे नाव मुंबईने आपल्या पत्त्यात लिहून ठेवले आहे. दूर राहूनही एखाद्या गावाचे होता येते, एवढे ते नाव वाचून आपल्या मनाला पटावे.